सातशे मिली कमी

सोमवारी सकाळी फुफ्फुस तपासणीच्या खोलीत पहिला पेशंट यायच्या आधी ती पेटीत जाऊन बसली, दार ओढून घेतलं आणि नाकाला चिमटा लावला.

पेटी म्हणजे काचेची बंद खोली. आत एक खुर्ची, समोर तोंडात धरायची नळी, आणि बसणाऱ्याचे गुडघे दाराला जेमतेम लागणार नाहीत एवढीच जागा. दार लागलं की कडेचं रबर घट्ट बसतं आणि बाहेरचे आवाज कानात बोळे घातल्यासारखे दूर जातात. पेशंट या पेटीला कपाट म्हणत, कुणी टेलिफोनचं खोकं म्हणे. एका आजोबांनी तर आत पाऊल टाकायच्या आधी विचारलं होतं, "ही लिफ्ट थेट वरच नेते का, बाई? म्हणजे घरी निरोप देऊन येतो."

आत बसून धापा टाकल्यासारखे छोटे छोटे श्वास घ्यायचे. मग नळीतली झडप दोन-तीन सेकंद बंद होते. हवा आतही येत नाही, बाहेरही जात नाही, पण माणसाने श्वास ओढायचा प्रयत्न सोडायचा नाही. छाती फुगू पाहते, फुफ्फुसांत अडकलेली हवा ताणली जाते आणि छाती केसभर मोठी होते. तेवढ्यानेही पेटीतली हवा किंचित दाबली जाते. तो दाब मोजायचा, तोंडाशी किती ओढ बसली ते मोजायचं, आणि त्यावरून छातीत एकूण किती हवा आहे त्याचं गणित करायचं. फुंकून बाहेर काढता येते ती हवा कुठलंही साधं मशीन मोजतं. कितीही फुंकलं तरी जी आत उरतेच, ती धरून सगळा हिशेब लावते ती ही पेटी.

पण पेटी बरोबर मोजते आहे हे कसं कळायचं? त्यासाठी खात्यातलंच धडधाकट माणूस दर सोमवारी आत बसतं. त्याचा आकडा दर वेळी तोच यायला हवा. नियमाने अशी दोन माणसं लागतात. इथे मात्र एकच होतं, ती. म्हणून बरोबर काम करणारा दादा तिला फूटपट्टी म्हणायचा. दादा तिच्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठा, अंगापिंडाने भक्कम, जिभेने त्याहून भक्कम, पण पेटीत बसायचं नाव काढलं की त्याला कुठलं तरी काम आठवायचं. तीही म्हणायची, जाऊ दे, मीच बसते.

तिचा आकडा चार पॉइंट नऊ लिटर. दोन वर्षांत पाच-पन्नास मिली इकडेतिकडे, बाकी जागचा हललेला नव्हता.

काचेपलीकडे दादा संगणकाच्या पडद्याकडे बघत होता. "झालं. परत एकदा घेऊ या का? मघाशी गाल नीट धरले नव्हतेस वाटतं."

"धरले होते."

"मग परत धर."

तिने परत धरले. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा दादाने पडदा तिच्याकडे वळवला आणि हसत म्हणाला, "अगं, फूटपट्टी आखडली की काय?"

चार पॉइंट दोन.

खुर्चीतून उठताना तिला डाव्या बरगड्यांखाली ओढल्यासारखं झालं. गेले काही दिवस होत होतं तसंच, आणि गेले काही दिवस तिने दुर्लक्ष केलं होतं तसंच.

"खोलीला रंग दिला ना," ती बाहेर येत म्हणाली. "तीन सोमवार तपासणी नाही. त्यात पेटी या भिंतीवरून त्या भिंतीला ओढत नेली. कुठेतरी फट पडली असणार."

"असेल," दादा म्हणाला. पण त्याने लगेच पेटीच्या तपासणीचा छोटा पंप चालवला. तो बरोबर निघाला. तीन लिटरची मोठी पिचकारी लावून हवा ढकलली, तर तीन लिटरच दिसले. रबराच्या कडेवरून त्याने बोट फिरवलं, काडी लावून धूर कुठे ओढला जातो का तेही पाहिलं. काही नाही.

तिने इंजिनियरला फोन लावला. तो गुरुवारी येतो म्हणाला.

"तोवर त्या मशीनवर एकदा फुंकून बघतेस?" दादाने कोपऱ्यातल्या साध्या मशीनकडे बोट दाखवलं. "मिनिटाचं काम."

"त्याचा काय उपयोग? ते फुंकणाऱ्याच्या जोरावर असतं. पेटीचं खरं-खोटं त्याने कसं ठरणार?"

उत्तर बरोबर होतं. म्हणूनच तिने ते इतक्या पटकन दिलं. खरी गोष्ट अशी होती, की ते मशीन तिला मिनिटात सांगून मोकळं झालं असतं, आणि त्या मिनिटाची तिला धडकी भरली होती. तिच्या आईची फुफ्फुसं अशीच आक्रसत गेली होती. उकळत्या पाण्यात पडलेल्या लोकरीच्या कपड्यासारखी, दर तपासणीला थोडी लहान, थोडी राठ. शेवटी आई एक वाक्य तीन तुकड्यांत बोलायची. ते तुकडे ऐकूनच तिने हा विषय निवडला होता. दर खेपेला किती कमी झालं, हे आईच्या डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून ओळखण्यापेक्षा आपल्याला मोजता यायला हवं, असं तेव्हा वाटलं होतं. आता मोजता येत होतं.

जिना चढताना पहिल्या मजल्यावर थांबावं लागतं, ते रंगाच्या वासामुळे. संध्याकाळी अंग कसकसतं, ते दगदगीमुळे. तिच्याकडे प्रत्येकाचं कारण तयार होतं. पेटी बिघडली असेल तर ही सगळी कारणं खरी होती.

दहाच्या सुमाराला शिंपीकाका आले, मागून त्यांची बायको. काका सडपातळ होते, खांदे कानाला टेकलेले, आणि दारापासून खुर्चीपर्यंत येतानाही मध्ये टेबलाचा आधार घेत होते. त्यांच्या उजव्या फुफ्फुसात हवेचा एक मोठा फुगा तयार झाला होता. त्यात हवा नुसती कोंडून राहायची आणि शेजारच्या चांगल्या भागाला चेपायची. फुगा कापून काढला तर काकांना कदाचित पुन्हा दुकानापर्यंत चालता आलं असतं. पण ऑपरेशनमध्ये जिवाचा धोका होता. मोठ्या सरांनी साफ सांगितलं होतं, कोंडलेली हवा लिटरभर असेल तरच पुढचं बोलू, नाहीतर छाती उघडून हाती काही लागायचं नाही. आज दुपारी सर्जनसोबत बैठक होती आणि आकडा त्याआधी हवा होता.

"पोरी, यात माझं माप घेणार होय?" काकांनी पेटीकडे पाहिलं. "जरा... सैल ठेव हं. आटल्यावर तंग होतं."

"गप्प बसा हो," काकू म्हणाल्या. "दम आहे तेवढा फुंकायला ठेवा."

"दमच असता तर... इथे कशाला आलो असतो."

आधी दादाने त्यांना वायूची तपासणी दिली. ती समजायला सोपी. पातेल्यात किती पाणी आहे ते माहीत नसेल, तर त्यात मोजून एक चमचा साखर घालायची आणि गोडी किती उतरली त्यावरून पाणी किती ते काढायचं. इथे साखरेच्या जागी निरुपद्रवी वायू. तो श्वासातून आत जातो, हवेत मिसळतो आणि किती पातळ झाला त्यावरून हवा कळते. फक्त एक मेख असते. कोंडलेल्या फुग्यात वायू शिरतच नाही, त्यामुळे तिथली हवा हिशेबात येत नाही. पेटीत मात्र छातीतली सगळी हवा मोजली जाते, मोकळी असो की कोंडलेली. म्हणून पेटीच्या आकड्यातून वायूचा आकडा वजा केला की उरते ती कोंडलेली हवा.

वायूचा आकडा आला सहा पॉइंट तीन.

काका पेटीत बसले. झडप बंद झाली तेव्हा त्यांचे डोळे मोठे झाले. काकूंनी तोंडाला पदर लावला. "ओढत राहा काका, ओढत राहा, घाबरू नका, झालंच," ती माईकमध्ये म्हणत होती. काकांनी तिन्ही वेळा नेटाने केलं.

सहा पॉइंट नऊ.

सहाशे मिली. लिटरला चारशे कमी.

काका आणि काकू बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. ती पडद्यासमोर बसून राहिली. मग तिच्या डोक्यात जे आलं ते इतकं सरळ होतं, की आधी कसं सुचलं नाही याचंच तिला नवल वाटलं. पेटी सातशे मिली कमी दाखवते आहे. तर मग काकांचेही सातशे कमी दाखवले असणार. मिळवा. म्हणजे कोंडलेली हवा सहाशे नव्हे, तेराशे. सातशे मिळवायचे की त्याच प्रमाणात वाढवायचं, याचाही तिने विचार केला. कसंही केलं तरी आकडा लिटरच्या पुढेच जात होता. काकांचं ऑपरेशन होणार आणि तिची फुफ्फुसं शाबूत. दोघांचंही भलं एका फटीत होतं.

तिने रिपोर्टखाली टाइप केलं, "पेटीतील त्रुटीनुसार दुरुस्त आकडा."

दादा मागे येऊन कधी उभा राहिला ते तिला कळलं नाही.

"हे काय चाललंय?"

"दुरुस्ती. पेटी कमी दाखवते. आपण दोघांनी पाहिलं सकाळी."

"आपण सकाळी एवढंच पाहिलं की तुझा आकडा कमी आला."

"तेच ना."

"ते तेच नाही गं." दादा खुर्ची ओढून शेजारी बसला. त्याचा आवाज खाली आला. "पंप बरोबर, पिचकारी बरोबर, धूरसुद्धा बरोबर. चूक सांगणारी एकटी तू. आणि तू त्या म्हाताऱ्याची छाती उघडायला निघालीस, कशाच्या जोरावर? फूटपट्टी तोकडी झाली म्हणून भिंत उंच झाली म्हणतेस?"

"मला काही झालेलं नाही!"

ती इतक्या जोरात ओरडली की बाहेर काकूंनी मान वळवली. तिला दम लागला होता, एका वाक्याने.

"दुसरं माणूस बसवायला हवं," थोड्या वेळाने ती म्हणाली. "ज्याचा जुना आकडा आहे असं."

खात्यात तसं एकच माणूस होतं हे दोघांनाही ठाऊक होतं. पेटी आली त्या दिवशी इंजिनियरने सगळ्यात आधी दादालाच आत बसवलं होतं. तपासणी छान झाली, सहा पॉइंट एक लिटर, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग दाराची कडी अडकली ती निघेचना. शेवटी बिजागरीचे स्क्रू काढून दार उतरवावं लागलं. तोवर दादा आत होता. त्यानंतर तो पेटीत एकदाही बसला नव्हता. बाहेरून ती चालवणं, पेशंटना धीर देणं, सगळं उत्तम करायचा. आत पाऊल ठेवायचा नाही.

त्याने पेटीकडे पाहिलं. मग घड्याळाकडे, मग बाहेरच्या बाकाकडे. मानेवरून हात फिरवला.

"दार जरा किलकिलं ठेवून नाही का चालणार?"

"नाही."

"माहितीय मला नाही ते. विचारलं आपलं." तो उठला. "तू बोलत राहायचं. एक सेकंद गप्प झालीस तर काच फोडीन आणि बिल तुझ्या नावावर."

दार लागलं तसा दादाच्या चेहऱ्याचा रंग उडाला. नळी तोंडात धरली, चिमटा लावला, हाताने गाल दाबले. ती माईकमध्ये बोलत राहिली, काय बोलत होती तिचं तिला कळत नव्हतं. धापा सुरू झाल्या. झडप मिटली. त्याच क्षणी दादाने नळी थुंकून टाकली आणि दोन्ही मुठी दारावर आदळल्या. पेटी हादरली. तिने धावत जाऊन दार उघडलं.

तो तोंडावर ओंजळ धरून बसला होता. "पुन्हा लाव," तो ओंजळीतूनच म्हणाला.

"राहू दे दादा. गुरुवारी—"

"गुरुवारी त्यांची बैठक आहे का? लाव म्हणतो ना."

दुसऱ्यांदा त्याने डोळे मिटून घेतले. झडप बंद झाली आणि त्याच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या उभ्या राहिल्या, पण तो ओढत राहिला. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. ती पडद्यावर रेघ चढताना बघत होती. समोरच्याची हवा भरपूर निघावी असं तिला रोज वाटायचं, प्रत्येक पेशंटच्या वेळी. आज ती मनात हात जोडून म्हणत होती, कमी येऊ दे. पाच पॉइंट चार येऊ दे. दादाला काय, तो ठणठणीत आहे, त्याचा कमी आला तर चूक पेटीचीच. कमी येऊ दे.

सहा पॉइंट शून्य आठ.

मग सहा पॉइंट एक. मग सहा पॉइंट शून्य नऊ.

दार उघडलं तसा दादा जवळजवळ बाहेर पडलाच. शर्ट पाठीला चिकटलेला, पण चेहरा शर्यत जिंकून आलेल्या पोरासारखा. "बसलो! पाहिलंस? तीन वेळा बसलो! बोल, किती आला? सहाच्या वर ना? दोन वर्षांत तसूभर हललो नाही, असला नग—"

आणि तो थांबला. आपण काय सिद्ध केलं ते त्याच्या ध्यानात आलं होतं. हसू चेहऱ्यावर राहिलं होतं, पण त्याच्या मागचं माणूस निघून गेल्यासारखं.

तिने रिपोर्टखालची ओळ खोडली. आकडे जसे आले तसे ठेवले. सहा पॉइंट नऊ, वजा सहा पॉइंट तीन, सहाशे मिली. पाठवून दिलं. मग कोपऱ्यातल्या मशीनकडे स्वतःच गेली, नळी लावली आणि फुंकलं. तिथेही तेवढंच कमी. तिला आश्चर्य वाटलं नाही.

"चल, फोटो काढून घेऊ," दादा म्हणाला.

एक्स-रेच्या खोलीबाहेर रांग होती. बाकावर शिंपीकाका आणि काकू होतेच, आकडा कमी म्हणून बैठकीआधीच सरांना भेटून आलेले. काकांच्या हातात घडी केलेला कागद होता.

"नाही म्हणाले," काकांनी सांगितलं. "काय गं, जन्मभर मी दुसऱ्यांचं कापलं... माझं कापायची वेळ आली... तर कापड पुरत नाही म्हणे."

काकू हसल्या नाहीत. त्यांनी कागद काकांच्या हातातून घेतला आणि पिशवीत ठेवला. पिशवीचे बंद दोनदा आवळून बांधले. ते दुःखाने की सुटकेने, हे तिला ओळखता आलं नाही. आपण तेराशे लिहून पाठवणार होतो, हे तिला आठवलं.

"तू इथे रांगेत कशी, पोरी?" काकांनी विचारलं.

"माझंही माप घेताहेत," ती म्हणाली.

फोटो मोठ्या सरांनी स्वतः लावला. ती दिव्याच्या चौकटीकडे बघायच्या आधी सरांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, आईच्या वेळी बघायची तशी, आणि हे लक्षात येताच तिने मान वळवली. आईच्या फोटोत दोन्ही बाजूंना खालून वर चढत गेलेलं जाळं होतं. इथे उजवी बाजू स्वच्छ काळी होती. डावीकडे खालचा भाग पांढराशुभ्र, आणि त्याची वरची कड बरगड्यांच्या बाजूला वाटीच्या काठासारखी चढत गेलेली.

"पाणी आहे," सर म्हणाले. "फुफ्फुसाच्या बाहेर साचलंय आणि फुफ्फुसाला वर दाबतंय. ताप येतो का संध्याकाळी?"

"येतो."

"वजन?"

"उतरलंय थोडं."

"इतके दिवस काय करत होतीस?" त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. "दिवसभर तोंडासमोर खोकणारी माणसं. क्षय असू शकतो, औषधांनी बरा होतो. दुसरंही काही असू शकतं. पाणी काढून तपासल्याशिवाय मी काही बोलणार नाही. आत्ताच काढू."

आईचं ते नव्हतं. याचा आनंद व्हायला हवा होता, पण 'दुसरंही काही' हे दोन शब्द तिच्या डोक्यातून हलेनात.

तिला स्टुलावर बसवलं, समोरच्या टेबलावर उशी, उशीवर डोकं आणि हात. पाठ उघडी. कापसाचा गार ओला स्पर्श, मग सुईचा टोच, मग बधिर. दादा तिच्या बाजूला बाटली धरून उकिडवा बसला होता.

"सर, सातशे निघेल ना?" तिने उशीतूनच विचारलं. "सातशेच कमी झालंय."

"जास्त निघेल," मागून सर म्हणाले. "पाण्याला जागा करून द्यायला छाती बाहेर सरकते, फुफ्फुसांखालचा स्नायूंचा पडदा खाली जातो. फुफ्फुस जेवढं आटतं त्याच्या दुप्पट-तिप्पटही पाणी असतं. मला गणित शिकवू नकोस, हलू नकोस. खोकला आला तर आधी सांग."

ती हलली नाही. पाठीत कुठेतरी खोल, न दुखणारा एक दाब आला आणि नळीतून गवताच्या काडीच्या रंगाचं पाणी उतरायला लागलं. रंग चांगला आहे की वाईट हे तिला माहीत नव्हतं. विचारायचं धाडसही होत नव्हतं. तिने बाटलीवरच्या रेषा वाचायचा प्रयत्न केला, पण उशी आड येत होती.

"दादा, किती झालं?"

"सातशे गेलं," दादा म्हणाला. त्याने बाटलीवरून नजर काढली नाही. "अजून येतंय."